कडेवरचा येशू : त्रापानीपासून मेणवलीपर्यंत

खडकीत ख्रिस्ती उपासनेच्या दोन जुन्या परंपरा शेजारधर्माने नांदतात. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी इथल्या माळावर बापू गोखल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली, पेशवाई उताराला लागली आणि पुढे पलटणींनी इथे कायमचा तळ ठोकला. पलटणींमागून बाजार आला, दवाखाना आला, दफनभूमी आली, तशीच प्रार्थनास्थळेही आली. ऑल सेंट्स हे अँग्लिकन चर्च १८४१ सालचे. गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांची भरती मोठी असे आणि ते बहुतेक कॅथलिक. गोव्याकडून आलेले स्वयंपाकी, बँडवाले, कारकून हेही कॅथलिक. त्यामुळे छावणी तिथे कॅथलिक चर्च हे ठरलेलेच. खडकीत ते सेंट इग्नेशियसच्या नावाने आहे.

बाहेरच्या माणसाला दोन्ही ‘चर्च’च. आत शिरल्यावर फरक कळतो. अँग्लिकन चर्चच्या भिंतींवर लढाईत पडलेल्या अधिकाऱ्यांचे स्मृतिफलक असतात. कॅथलिक चर्चमध्ये मरिया माता असते; बहुधा बाळ येशूला कडेवर घेतलेली, पायाशी मेणबत्त्या, गळ्यात कुणीतरी घातलेली जपमाळ. मूर्तीपुढे गुडघे टेकावेत की नाही, या प्रश्नावर युरोपात एकेकाळी रक्त सांडले आणि दगडही फुटले. त्या फुटलेल्या दगडांत एक फार मऊ, दुधाळ दगड होता. त्याचे नाव अलाबास्टर.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हा दगड डर्बीशायरमधल्या चेलास्टनच्या आसपास निघे आणि नॉटिंगहॅमसारख्या गावांत कोरला जाई. चौदाव्या शतकापासून सोळाव्यापर्यंत तिथल्या कारागिरांनी मरिया, बाळ येशू, संत, क्रुसावरचा ख्रिस्त असे हजारो नमुने घडवले. ते फ्रान्स, स्पेन, आइसलँडपर्यंत गेले. मग इंग्लंडच्या राजसत्तेने रोमशी फारकत घेतली. १५५० साली सहाव्या एडवर्डच्या राज्यात मूर्ती नष्ट करण्याचा कायदा झाला. काही मूर्तींची डोकी उडवली, काही जमिनीखाली पुरल्या गेल्या आणि काही जहाजांत भरून फ्रान्सच्या बाजारात विकायला निघाल्या. त्या वर्षी पॅरिसमधल्या इंग्रज वकिलाने अशी जहाजे आल्याचे मायदेशी कळवले होते. आज या कलेचा सर्वांत मोठा संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो मुख्यतः वॉल्टर हिल्डबर्ग या एका संग्राहकाने १९४६ मध्ये दिलेला. ज्या चर्चने या माउल्या फोडल्या, त्याच चर्चच्या धर्मगुरूंनी तीनशे वर्षांनी खडकीत ऑल सेंट्सचे दार उघडले. खडकीतल्या दोन चर्चमधला फरक समजून घ्यायला ही एवढी मागची गोष्ट ठाऊक असावी लागते.

अलाबास्टर म्हणजे जिप्समच, फक्त दाणा बारीक आणि एकजीव. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या पट्टीवर संगमरवर तिसऱ्या पायरीवर येतो, हा दुसऱ्या. माणसाचे नख त्याच्याहून कठीण, म्हणून नखाने त्यावर ओरखडा उठतो. पातळ कापला तर त्यातून उजेड झिरपतो; इटलीतल्या काही जुन्या चर्चच्या खिडक्यांना काचेऐवजी याचेच पत्रे बसवलेले आहेत. पण पाणी याला सोसत नाही. लिटरभर पाण्यात साधारण दोन ग्रॅम जिप्सम विरघळते. एका पावसात काही बिघडत नाही, पन्नास पावसाळ्यांत नाकडोळे झिजून जातात. कोकणात किंवा घाटमाथ्यावर उघड्यावर ठेवण्याजोगा हा दगड नव्हेच. याची मूर्ती घरात, मखरात, छपराखालीच टिकायची.

मराठी घरांना या खनिजाची ओळख वेगळ्या वाटेने आहे. जिप्सम दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजले की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. ती भुकटी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. तिच्यात पाणी कालवून साच्यात ओतले की ती ते पाणी पिऊन पुन्हा जिप्सम होते. पेणच्या किंवा पुण्याच्या कारखान्यातला पीओपीचा गणपती रसायनाच्या हिशेबाने अलाबास्टरचा सख्खा भाऊ आहे. आज चर्चमध्ये आणि ख्रिस्ती घरांतल्या देव्हाऱ्यांत दिसणाऱ्या बहुतेक मरिया माताही याच भुकटीच्या असतात. निळ्या अंगरख्याच्या रंगाचा टवका उडाला की आतला पांढरा गर दिसतो, आणि त्याच्यावरही नखाचा ओरखडा उठतो. एकाने छिन्नीने कोरायचे ते दुसऱ्याने साच्यात ओतले, एवढाच फरक. अर्थात, कलेच्या दृष्टीने हा ‘एवढाच’ खूप मोठा आहे.

इंग्लंडात ही कला संपली, तिकडे दक्षिणेत तिला नवे दिवस आले. मूर्ती हव्यात की नकोत या भांडणाला रोमने डिसेंबर १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत उत्तर दिले. मूर्ती राहतील, मान मूर्तीतल्या दगडाला नसून ती ज्याची आहे त्याला पोचतो, आणि मूर्तीने लोकांना शिकवावे, हलवावे, असे ठरले. बरोक नावाची जी शैली पुढच्या दीडशे वर्षांत युरोपभर पसरली, तिच्या मुळाशी हे उत्तर आहे. मूर्तीने पाहणाऱ्याला गलबलवून टाकले पाहिजे. वस्त्र वाऱ्याने फुगलेले, मान वळलेली, बाळाचा हात आईच्या गळ्याशी गेलेला. देवाची आई कुणाच्याही आईसारखी दिसली पाहिजे.

सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाला त्रापानी हे बंदर आहे. तिथल्या कार्मेलाइट संन्याशांच्या चर्चमध्ये चौदाव्या शतकातली, जवळजवळ पुरुषभर उंचीची संगमरवरी मरिया आहे. पिसा गावच्या निनो पिसानोच्या हातची ती मानली जाते. बाळ डाव्या कडेवर, आईची मान त्याच्याकडे वळलेली, दोघांची नजरानजर. पूर्वेकडून पिसाला निघालेले जहाज वादळात सापडले आणि ही मूर्ती त्रापानीला उतरली ती तिथेच राहिली, अशी तिची आख्यायिका. मुंबईच्या महालक्ष्मीची मूर्ती वरळीच्या समुद्रात सापडल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला यात परके काहीच वाटणार नाही.

त्रापानीला यात्रेकरूंची रीघ लागली आणि प्रत्येकाला माउलीची आठवण घरी न्यायची होती. संगमरवर जड आणि कोरायला वेळखाऊ. पण त्रापानीच्या परिसरात अलाबास्टर मुबलक होता, त्यात एक गुलाबी झाक असलेला, माणसाच्या कातडीसारखा दिसणारा प्रकारही. सतराव्या-अठराव्या शतकांत गावात कारागिरांची घराणीच्या घराणी या कामावर जगली. त्यांतले तिपा घराणे आजही संग्रहालयांच्या पाट्यांवर दिसते. वीतभर ते दोन-अडीच वीत उंचीच्या या मूर्तींत ढब ठरलेली असे, कारण गिऱ्हाइकाला त्रापानीचीच माउली हवी असे. तरीही कारागिराचा हात लपत नसे. कुणाच्या मूर्तीत बाळ हसरे, कुणाच्या मूर्तीत आईच्या पदराच्या चुण्या खोल. वस्त्राच्या काठाला सोन्याचा वर्ख, ओठांना आणि डोळ्यांना रंगाचा हलका हात. बाकी दगड तसाच उघडा, कारण कातडीचे काम तोच करायचा. मेणबत्ती बाजूला ठेवली की उजेड गालाच्या किंचित आत शिरतो. संगमरवरालाही थोडा हा गुण आहे. अलाबास्टरला तो जास्त आहे, आणि बरोक कारागिरांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला.

आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आले तेव्हा हीच माउली त्यांच्याबरोबर आली, पण इथे तिला दुसरे द्रव्य भेटले. पोर्तुगिजांची जहाजे मोझांबिककडून हस्तिदंत आणत आणि गोव्यात सुरे-पटाशी चालवणारे कसबी हात पिढ्यान्‌पिढ्या तयार होते. अलाबास्टरच्या जागी हस्तिदंत आला. तोही मऊ उजेडाचा, तोही कातडीच्या जवळचा, शिवाय पावसाळ्याला काहीसा जास्त टिकाऊ. मूर्ती किती मोठी होणार हे हत्तीच्या सुळ्यावर ठरे. सुळ्याचा बुंध्याकडचा भाग पोकळ, टोकाकडचा भरीव. मूर्ती सुळ्यापेक्षा रुंद होऊ शकत नाही, म्हणून पुढे आलेले हात वेगळे कोरून खुंटीने बसवत. सुळ्याला बाक असतोच. तो बाक बऱ्याच मूर्तींच्या कमरेत उतरला आणि बाळाला कडेवर घेतलेल्या बाईचा सहज झोक त्यांना फुकटात मिळाला.

या मूर्ती बारकाईने पाहिल्या तर कोरणारा हात कुठला ते कळते. केस समांतर, नागमोडी रेघांनी विंचरलेले. डोळे बदामी, पापण्या जड. तळाशी देवदूतांची पंख फुटलेली डोकी, तीही गुबगुबीत गालांची. वस्त्राची चुणी युरोपी नमुन्यावरून घेतलेली, बहुधा एखाद्या छापील चित्रावरून, पण चेहऱ्यावरची शांतता देवळाच्या खांबावरून आलेली. बिगरख्रिस्ती कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती घडवू नयेत, अशी मनाई गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी सोळाव्या शतकातच केली होती. ती पुन्हा पुन्हा करावी लागली, यावरून काम कुणाच्या हातून होत होते ते उघड आहे. धर्म बाटला या भीतीपेक्षा चांगल्या कारागिराची गरज मोठी ठरली.

जुन्या गोव्यात सांता मोनिका मठाच्या आवारात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. मठाची स्थापना १६०६ सालची, भारतातल्या ख्रिस्ती जोगिणींचा हा सुरुवातीच्या काळातला मठ. संग्रहालय १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले, २००२ मध्ये इथे हलले आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडले. मुंबईत गोरेगावला मुंबई धर्मप्रांताचे वारसा संग्रहालय आहे. मुंबई-वसई-साष्टी पट्ट्यातल्या चर्चमधल्या लाकडी आणि हस्तिदंती मूर्ती पाहायच्या तर तिथे जावे. पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येते, तरी फार थोडी माणसे जातात ही खेदाची गोष्ट आहे.

त्याच राशोलच्या परिसराशी मराठी साहित्याचा एक धागा जोडलेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे मूर्ती फोडणाऱ्या देशातून निघून मूर्ती मानणाऱ्या धर्मात राहिलेला. त्याने ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत ओवीबद्ध केले आणि ते १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. हस्तिदंतात ज्या बाईला गोव्याच्या कारागिराने आपल्याकडचे डोळे दिले, तिला त्याच पिढीत पुराणाची बोलीही मिळाली. गोव्याच्या खेड्यांत आजही ‘सायबीण’, म्हणजे मरियेची मूर्ती, घरोघर फिरते; एका घरातला मुक्काम संपला की शेजारचे तिला दिव्यांच्या उजेडात आपल्याकडे नेतात. म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चमधली मिलाग्रीस सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असे दोन्ही धर्मांची माणसे सांगतात, आणि सणाच्या दिवशी हिंदू भाविक तिला तेल वाहतात.

वांद्र्याच्या टेकडीवरची मोत माउली (माउंट मेरी) लाकडाची. सोळाव्या शतकात पोर्तुगालहून जेझुइटांनी आणलेली ही मूर्ती. १७०० च्या सुमारास समुद्री लुटारूंनी तिच्या हातातली वस्तू सोन्याची समजून उजवा हातच तोडला. १७३८ मध्ये मराठ्यांच्या स्वारीत टेकडीवरचे छोटे चर्च जळाले. १७६० मध्ये ते पुन्हा उभे राहिले. मधल्या काळात कोळ्यांना समुद्रात सापडलेल्या मूर्तीची गोष्ट या जागेला चिकटली आणि कोळीवाड्यांची ती माउली झाली. पुढे जुनी मूर्ती दुरुस्त होऊन आपल्या जागी परतली. आताची दगडी इमारत १९०४ सालची. ८ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यात इथे जी जत्रा भरते, तिच्यात मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळे विकायला असतात. मूल हवे असलेली बाई मेणाचे बाळ घेऊन टेकडी चढते. ती कुठल्या धर्माची, हे तिथे कुणी विचारत नाही.

अलाबास्टर, हस्तिदंत, लाकूड. या तिन्ही मूर्तींना छप्पर लागते. पुण्याच्या मुलखात बरोक काळातली जी मरिया बाळासह नदीकाठी उघड्या हवेत उभी आहे, ती काशाची आहे आणि ती शंकराच्या देवळापाशी आहे.

मे १७३९ मध्ये मराठ्यांचे सेनानी चिमाजी अप्पा यांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली. १६ मे रोजी किल्ला देण्याचा करार झाला आणि पोर्तुगीज आपले सामान घेऊन बाहेर पडले. चर्चच्या मनोऱ्यांतल्या घंटा मात्र राहिल्या. त्या काढून हत्तींवरून, गाड्यांवरून देशावर आणल्या गेल्या आणि देवळांना वाहिल्या गेल्या. भीमाशंकरच्या देवळासमोरची घंटा पाहिलेली नाही असा पुणेकर विरळा. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर मेणेश्वराच्या देवळाशेजारी छोट्या दगडी घुमटीत अशीच एक घंटा टांगलेली आहे. वजन सुमारे ६५० किलो, वर १७०७ हे साल, आणि अंगावर उठावात मरिया, कडेवर बाळ येशू.

घंटेवर मरिया असण्याला कारण आहे. कॅथलिक गावांत दिवसातून तीनदा, सकाळी, दुपारी आणि सांजेला, देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाच्या आठवणीची घंटा होते आणि ती ऐकून माणसे हातातले काम थांबवून तिची प्रार्थना म्हणतात. मनोऱ्यात चढवण्याआधी घंटेला धर्मगुरू पवित्र पाण्याने धुतात, तेल लावतात, नाव देतात. ते नाव अनेकदा मरियेचेच असे.

आता ओतकाम. आधी विटा-मातीचा गाभा, त्यावर घंटेच्या जाडीइतकी मातीची नकली घंटा. हिच्या अंगावर मेणाची नक्षी चिकटवायची. साल, क्रूस, मूर्ती, सगळे मेणात. त्यावर बारीक मातीचे लेप, मग जाड कवच. भट्टी दिली की मेण वितळते आणि कवचाच्या आतल्या अंगाला नक्षीचा उलटा ठसा उरतो. कवच उचलून नकली घंटा फोडून काढायची, कवच परत बसवायचे आणि मधल्या पोकळीत चार भाग तांबे, एक भाग कथील असा रस ओतायचा. मेणवलीची घंटा पंचधातूची असे गावात सांगतात. आपल्याकडे पवित्र धातूला तेच नाव द्यायची रीत आहे. मूर्ती बोटांनी चाचपली तर कडा कोरलेल्या दगडासारख्या धारदार लागत नाहीत, गोलसर लागतात. तो मेणाचा गुण. बाळ आणि आई यांच्यामधली रेघ तर हाताला जवळजवळ लागतच नाही. दोघे एकाच उंचवट्यातून वर आले आहेत.

ही घंटा वसईहून थेट मेणवलीला आलेली नसणार. मेणवलीचा वाडा आणि घाट ज्यांचा, ते पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस १७४२ मध्ये जन्मले, म्हणजे वसई पडल्यावर तीन वर्षांनी. मेणवली गाव त्यांच्याकडे आले १७६८ मध्ये, आणि वाडा व घाट त्यानंतरचे. तोवर तीस-चाळीस वर्षे ही घंटा पेशव्यांच्या दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणी पडून किंवा वाजत असली पाहिजे. तेवढ्या काळात आणि त्यानंतरही कुणी तिच्यावरची मरिया छिन्नीने तासून काढली नाही. विजयाची खूण म्हणून आणलेली वस्तू देवाला वाहिली, पण तिच्यावरचा देव पुसला नाही. इंग्लंडच्या १५५० च्या कायद्याशेजारी ही गोष्ट ठेवून पाहावी. नानांच्या काळातल्या पुण्यातच, १७९२ मध्ये, सवाई माधवरावांनी आपल्या फौजेतल्या गोवेकर ख्रिस्ती लोकांना चर्चसाठी जागा दिली. नाना पेठेजवळचे ‘सिटी चर्च’ ते हेच, आणि तेही मरियेच्याच नावाचे. पेशवाईतल्या जातिभेदाचा आणि छळाचा इतिहास याने पुसला जात नाही. पण हा भागही त्याच इतिहासात आहे आणि तो सांगितला जात नाही.

मेणवलीला येणारे बहुतेक जण ‘स्वदेस’चे चित्रीकरण कुठे झाले ते विचारतात, घाटावर फोटो काढतात, घंटेखाली उभे राहून लोलक हलवतात. माउलीसमोर थांबणारे थोडे. तिला बघायचे तर सकाळी जावे. तिरपा उजेड अंगावरून सरकत असतो तेव्हाच उठाव नीट दिसतो, दुपारी सगळे सपाट होऊन जाते. पावसाळ्याच्या दमटपणात कासे हिरवट पडते. पण सव्वातीनशे वर्षांपूर्वीचे हे काम पावसाळी हवेत टिकले आहे, ते कुणी जपले म्हणून नव्हे, धातूच्या जोरावर. घंटेवर कुणी रंग फासू नये, नावे कोरू नयेत आणि तज्ज्ञांकडून उठावाचा ठसा व मोजमापे घेऊन ठेवावीत, एवढे तरी व्हायला हवे. त्रापानीच्या वीतभर मूर्तीला जगभरची संग्रहालये काचेत ठेवतात. बाळासह मरियेचे तितकेच जुने काम वाईपासून तीन किलोमीटरवर आहे, आणि त्यासाठी तिकीट लागत नाही.

घंटा पेशव्यांकडून नानांकडे कशी आली, कुणी किती बैल आणि गाडे दिले, टांगायला किती खर्च आला, हे शोधायची जागा पुण्यातच आहे. नानांचे मेणवली दप्तर इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांनी गोळा केले, साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवले आणि १९३९ मध्ये तो संग्रह डेक्कन कॉलेजात आला. खडकीहून होळकर पूल ओलांडला की येरवड्याच्या बाजूला ते कॉलेज आहे. दप्तराचे रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, मोडीत आहेत. मोडी वाचणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने घाटाच्या बांधकामाच्या वर्षांपासून सुरुवात करावी.